एमडीआर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स : माझा अनुभव, पहिल्या टेस्टपासून पुढच्या फॉलोअपपर्यंत

बरेच दिवस लिहायचं होतं. ज्यांच्या किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर नुकतंच रिफाम्पिसिन रेझिस्टन्स, म्हणजे टीबीचं हे मुख्य औषध जंतूवर चालत नाही असं, आलंय आणि जे झोप उडालेल्या अवस्थेत मोबाईलवर शोधत बसलेत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, कारण मीही तशीच शोधत बसले होते आणि जे सापडत होतं ते बहुतेक जुनं होतं. दीड-दोन वर्षं औषधं, महिनोन्महिने इंजेक्शन, त्याने कान जातात, आणि एवढं करून बरं होईलच असं नाही. हे सगळं एकेकाळी खरं होतं, आणि अजूनही काही पेशंटना लांबचा कोर्स घ्यावाच लागतो, पण माझ्यासारख्या फुफ्फुसाच्या एमडीआर टीबीला, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला, आता सहा महिन्यांचा, एकही इंजेक्शन नसलेला कोर्स आहे. मी तो पूर्ण केलाय. कसा गेला ते जमेल तेवढं नीट सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

सुरुवात खोकल्यानेच झाली. मग संध्याकाळी बारीक ताप, घाम, कपडे सैल व्हायला लागले. जवळच्या डॉक्टरांनी आधी एक अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं, आणि त्या दुसऱ्याने खरंच बरं वाटलं. खोकला कमी झाला, ताप गेला, सगळे म्हणाले चला सुटलीस. काही आठवड्यांनी सगळं परत सुरू. हे दुसरं औषध लिव्होफ्लॉक्सासिन होतं आणि याबद्दल मला जरा तळमळून सांगायचंय. हे ज्या गटातलं औषध आहे, फ्लुरोक्विनोलोन म्हणतात त्याला, तो गट टीबीच्या जंतूवरही चालतो. म्हणजे न्यूमोनिया समजून आठवडाभर दिलं की टीबी थोडा दबतो, माणसाला बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान लांबतं. वर आणखी एक धोका असा की एकट्या त्या औषधाला तोंड देऊन जे जंतू उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे असू शकतात, आणि नेमका हाच गट पुढे एमडीआरच्या उपचारात लागतो. त्यामुळे दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तो अंगावर काढू नका आणि छातीसाठी आणखी एक अँटिबायोटिक सुरू करण्याआधी थुंकीची तपासणी करूया का, असं डॉक्टरांना सरळ विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

आता थुंकी. हे ऐकायला कसंतरी वाटेल पण सगळा डोलारा या एका डबीवर उभा असतो. मला सिस्टरने डबी हातात दिली आणि म्हणाली, ताई, लाळ नकोय, आतला बेडका हवाय. मी पहिल्यांदा जे दिलं ते तिने डबी उजेडाला धरून बघितलं आणि परत केलं, पातळ आणि फेसाळ होतं. मग तिने स्वतः करून दाखवलं, चूळ भरून घ्यायची, मोकळ्या हवेत जायचं, खोल श्वास घेऊन थोडा धरायचा, सोडायचा, पुन्हा तसंच, आणि मग पोटातून जोर काढून खोकायचं, घशातून नाही. घट्ट, पिवळसर, साधारण चमचाभर आलं पाहिजे. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात चांगलं मिळतं कारण रात्रभर आत साचलेलं असतं. झाकण घट्ट, नाव डबीवर, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये झाकण निघतं. मला तेव्हा वाटलं एवढं काय त्यात, पण नुसती लाळ गेली तर जगातलं सर्वात भारी मशीनसुद्धा काही सापडलं नाही असंच सांगणार ना.

मशीन जीनएक्स्पर्टचं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली. थुंकी एका छोट्या कार्ट्रिजमध्ये घालतात आणि दोन तासांच्या आत दोन गोष्टी कळतात, टीबीचा जंतू आहे का, आणि असला तर रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल का. जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात जो बदल झाला की रिफाम्पिसिन निकामी होतं, तो बदल ते शोधतं. याआधी काय होतं तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, आणि हा जंतू इतका सावकाश वाढतो की एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दिवस लागतो. पोटातले साधे जंतू तेच काम वीस मिनिटांत करतात. त्यामुळे कल्चर म्हणजे काही आठवडे, त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं म्हणजे आणखी काही आठवडे, आणि तोवर पेशंट चुकीच्या गोळ्या खात राहणार, घरच्यांना संसर्ग देत राहणार. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला हा जंतू जगासमोर आणला, आणि त्यानंतर सव्वाशे वर्षं आपण मुख्यतः मायक्रोस्कोप आणि कल्चरवरच होतो, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

माझा रिपोर्ट आला, जंतू सापडला आणि रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स. पोटात गोळा आला. त्याहून जास्त लागलं ते पुढचं, कारण ज्याला त्याला एकच प्रश्न, आधी कधी टीबीची औषधं मध्येच सोडली होतीस का? अहो मला आधी टीबी झालाच नव्हता! हे जरा मोठ्याने सांगते. एमडीआर टीबी म्हणजे पेशंटने औषधं नीट घेतली नाहीत, हा समज फार खोल बसलाय आणि त्याने लोकांना लाज वाटते, लोक लपवतात. रेझिस्टंट जंतू हवेतून तसाच्या तसा दुसऱ्याकडे जातो. कुणीतरी खोकलं, तो जंतू आधीच रेझिस्टंट होता, तो मला लागला, बस. पहिल्यांदाच टीबी झालेल्यांमध्येही जगभरात साधारण ३ टक्क्यांना असाच रेझिस्टंट टीबी निघतो. टक्का लहान वाटतो पण आधी टीबी न झालेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे की माणसं मोजली तर ती खूप भरतात. मला हे समजावून सांगितलं ते टीबीच्या डॉक्टरांनी, तेही आईसमोर, आणि त्या दिवसापासून घरातला तो प्रश्न कायमचा बंद झाला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण औषधं लगेच हातात नाही दिली. आधी आणखी एक थुंकी, आणखी एक टेस्ट, यावेळी आयसोनियाझिड, म्हणजे टीबीचं दुसरं मुख्य औषध, आणि त्या फ्लुरोक्विनोलोन गटासाठी. यासाठी आता वेगळं कार्ट्रिज असतं किंवा पट्टीवर रेषा उमटणारी एलपीए नावाची टेस्ट असते. मला ते लिव्होफ्लॉक्सासिन आधी मिळालेलं असल्याने डॉक्टर या रिपोर्टची जास्त वाट बघत होते. सुदैवाने तो गट माझ्या जंतूवर अजून चालत होता. नसता चालला तरी दार बंद होत नाही, या कोर्समध्ये चार औषधं असतात, त्यातलं या गटातलं एक काढून तीनवर कोर्स चालतो. पण कळायला तर पाहिजे. उपचार सुरू होताना आपल्या जंतूवर काय चालतं आणि काय नाही हे कागदावर असणं, माझ्या मते सगळ्या कोर्समधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, गोळ्यांइतकीच.

कोर्सचं नाव बीपाल-एम. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, हे शेवटचं त्या फ्लुरोक्विनोलोन गटातलं. चार कशाला, एक भारी औषध का पुरत नाही, हे मी विचारलंच. उत्तर असं की फुफ्फुसात टीबीने पोकळी पडली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत प्रत्येक औषधाला न जुमानणारे काही थोडे जंतू आपोआपच तयार झालेले असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि ते थोडे उरून वाढतात. दोन-तीन वेगळ्या पद्धतीने मारणारी औषधं एकत्र दिली की या सगळ्यांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य. म्हणून कुठलंही एक औषध आपल्या मनाने गाळायचं नाही, मग ते कितीही त्रास देवो.

सुरू करण्याआधी तपासण्यांची रांग होती. ईसीजी, रक्ताचा काउंट, लिव्हर, किडनी, पोटॅशियम, शुगर, एचआयव्ही, डोळ्यांची तपासणी, आणि बायकांसाठी प्रेग्नन्सी टेस्ट, कारण प्रेटोमॅनिडची गरोदरपणातली सुरक्षितता पुरेशी तपासलेली नाही. गरोदर बायकांसाठी आता दुसरा सहा महिन्यांचा कोर्स आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या एका ट्रायलवरून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो सुचवला, त्यात प्रेटोमॅनिड नाही. तसंच बीपाल-एम १४ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत आणि मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीलाही नाही. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा, काही गोळ्या लिनेझोलिडबरोबर घेतल्या तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. मला कुणी न विचारताच मी घरात घेत असलेलं सगळं नावानिशी लिहून नेलं होतं, व्हिटॅमिनसकट, आणि ते कामी आलं, कारण लोहाच्या गोळ्या मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जवळपास घेतल्या तर ते नीट शोषलंच जात नाही, वेळ लांब ठेवावी लागते. अ‍ॅसिडिटीच्या काही औषधांचंही तेच.

पहिले दोन आठवडे बेडाक्विलिनच्या रोज चार गोळ्या, मग आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. बाकीची तीन औषधं रोज. बेडाक्विलिन भरल्या पोटी घ्यायचं, उपाशीपोटी घेतलं तर रक्तात निम्म्याच्या आसपासच पोचतं. मला मळमळ व्हायची, डोकं दुखायचं, सांधे दुखायचे, खायची इच्छा नसायची, आणि तेव्हाच नेमकं खाऊनच गोळी घे, हे फार अवघड जायचं. आई ताट घेऊन शेजारी बसून राहायची, काही बोलायची नाही. सुरुवातीचे आठवडे रडत रडत गेले हे खरंच आहे. साधारण महिन्याभरात मळमळ आटोक्यात आली, मधल्या काळात उलटीची गोळी दिली होती, पण तीही विचारून, कारण उलटीच्या काही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि इथे तर आधीच दोन औषधं तसली आहेत.

त्यासाठीच तो ईसीजी सारखा सारखा. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर वाढवतात, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ वाढतो. तो ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. माझा थोडा वाढला होता, पोटॅशियम जरा कमी निघालं, ते भरून काढलं आणि क्यूटी परत खाली आला. मला काहीच जाणवलं नव्हतं हे लक्षात घ्या. चक्कर नाही, धडधड नाही. नुसत्या कागदावर दिसलं. म्हणून बरं वाटतंय मग आजचा ईसीजी राहू दे, असं कृपा करून करू नका.

आणि आता लिनेझोलिड. या कोर्समधलं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात त्रासदायक औषध हेच, असं माझं मत झालंय. ते जंतूची प्रथिनं बनवायची यंत्रणा बंद पाडतं, पण आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जे मायटोकॉन्ड्रिया असतात त्यांची तशीच यंत्रणा जंतूंसारखीच असल्याने तिलाही थोडा मार बसतो. त्यामुळे ज्या पेशींना ऊर्जा जास्त लागते किंवा ज्या सतत नव्याने तयार होत असतात तिथे त्रास दिसतो, पायाच्या नसा, डोळ्याची नस, आणि हाडातला मगज जिथे रक्त तयार होतं. दर वेळी गेले की सिस्टर तीन गोष्टी करायची. रक्त घ्यायची. मग ठिपक्यांची रंगीत पानं दाखवायची ज्यात आकडा लपलेला असतो, कारण डोळ्याच्या नसेला त्रास सुरू झाला की लाल-हिरवा फरक आधी कमी होतो, अक्षरं नीट दिसत असली तरी. आणि मग बूट-मोजे काढायला लावून तो लोखंडी चिमट्यासारखा ट्युनिंग फोर्क हातावर आपटून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायची. डोळे मिटायचे आणि थरथर थांबली की थांबली म्हणायचं. सुरुवातीला ती थरथर बराच वेळ जाणवायची. तिसऱ्या महिन्याच्या पुढे एका भेटीत मी थांबली म्हटलं आणि तिने तोच फोर्क उचलून माझ्या मनगटावर ठेवला, तिथे तो अजून गुणगुणत होता. मला तोपर्यंत तळपायाला थोड्या मुंग्या यायच्या, रात्री जळजळ, मी ते चालण्याने असेल असंच धरून होते. तिने विचारलं, ताई, चप्पल पायातून निसटली तर कळतं का? तेव्हा मी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी लिनेझोलिडचा रोजचा डोस ६०० मिलिग्रॅमवरून ३०० केला. हे करता येतं, पण पूर्ण डोस निदान नऊ आठवडे झाल्यावर, म्हणून सुरुवातीला थोडं सहन करावं लागतं पण सांगायचं मात्र पहिल्या मुंगीपासून. नसांचा त्रास लवकर पकडला तर हळूहळू कमी होतो, उशीर झाला तर राहूनही जातो. माझा आता बराच कमी आहे, पूर्ण गेलेला नाही, थंडीत अंगठे बधिर वाटतात. हिमोग्लोबिनही घसरलं होतं, ते डोस कमी केल्यावर वर आलं.

हा ६०० चा आकडा कुठून आला ते मी नंतर वाचलं आणि तेव्हापासून या औषधांकडे माझी बघायची नजरच बदलली. निक्स-टीबी नावाची ट्रायल २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, १०९ माणसं, सगळ्यात अवघड टीबीची, ज्यांच्यासाठी आधी फारसं काही उरलेलं नव्हतं. त्यांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड दिलं आणि १० पैकी ९ बरे झाले. पण लिनेझोलिड रोज १२०० दिलं होतं आणि ८१ टक्के लोकांना नसांचा त्रास झाला. मग पुढची झीनिक्स ट्रायल फक्त हेच शोधायला, की डोस किती कमी केला तरी टीबी बरा होतो. ६०० वर बरे होणारे तेवढेच राहिले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. म्हणजे माझ्या पायात आज जी काही जाण शिल्लक आहे ती त्या पहिल्या लोकांच्या पायांमुळे आहे. त्यांची नावं मला माहीत नाहीत, कधी कळणारही नाहीत, पण मी त्यांची ऋणी आहे.

चौथं औषध कसं आलं तर टीबी-प्रॅक्टिकल या ट्रायलमधून, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने ती बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमध्ये केली. निम्म्यांना जुना लांबचा कोर्स, निम्म्यांना नवा सहा महिन्यांचा, आणि वाईट निकाल, म्हणजे मृत्यू, उपचार फसणं, औषध सोडावं लागणं वगैरे सगळं धरून, जुन्यात ४८ टक्के आणि नव्यात ११. फरक इतका दिसायला लागला की २०२१ मध्ये नवीन पेशंट घेणं वेळेआधीच थांबवलं, कारण आता कुणाला जुन्या बाजूला टाकणं योग्य नव्हतं. २०२२ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने हा कोर्स अधिकृतपणे सुचवला.

आणि कानांचं. जुन्या कोर्समध्ये कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं असायची, ती आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी मारतात आणि त्या पेशी परत येत नाहीत. भारतातली नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा टिसिले, दोघी तरुण, दोघींचा टीबी बरा झाला आणि दोघींचं ऐकणं या इंजेक्शनने गेलं. बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ च्या शेवटी मंजुरी मिळाली होती, टीबीसाठी पूर्ण नव्या गटातलं असं औषध चाळीस वर्षांत आलंच नव्हतं, पण ते बनवणाऱ्या कंपनीला त्याच्या पेटंटची मुदत वाढवून हवी होती. या दोघींनी २०१९ मध्ये भारतात त्याविरुद्ध हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे इतर कंपन्यांना हे औषध बनवायचा रस्ता मोकळा झाला. ज्यांना हे औषध वेळेत मिळालं नाही त्यांनी ते दुसऱ्यांना मिळावं म्हणून कोर्टकचेरीसारखी झुंज दिली, हे वाचताना मी माझ्या टेबलावरच्या त्या पांढऱ्या गोळ्यांकडे किती वेळ बघत बसले होते.

मध्येच बरं वाटायला लागतं, तो काळ सगळ्यात जपायचा. मला दुसऱ्या महिन्यापासूनच छान वाटायला लागलं, वजन वाढलं, थुंकी येईनाशी झाली, कल्चर निगेटिव्ह आलं. आणि मुंग्या मात्र औषधानेच येतायत, त्यामुळे मनात येतंच की आता पुरे. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी प्रत्येकाला सांगते. बेडाक्विलिन शरीरातून जाता जात नाही, त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच पाच महिन्यांच्या आसपास लागतात. बाकीची औषधं काही दिवसांतच निघून जातात. म्हणजे मी आज सगळं बंद केलं तर पुढचे कित्येक महिने माझ्या अंगात एकटं बेडाक्विलिन, तेही कमी कमी होत जाणारं, आणि उरलेले जंतू त्याच्यासमोर. रेझिस्टन्स तयार व्हायला याहून चांगली जागा नाही. आणि मग हे औषध माझ्यासाठी गेलं, आणि माझ्याकडून ज्याला लागेल त्याच्यासाठीही गेलं. त्रास होतोय तर भांडा, डोस बदलून मागा, पण सोडू नका.

घरच्यांचं थोडं सांगते. माझं निदान झाल्यावर आई आणि दादा दोघांचे एक्स-रे आणि तपासण्या झाल्या. दोघांना टीबी नव्हता पण दादाची संसर्गाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे जंतू आत झोपलेला. अशांना काय द्यायचं याचं उत्तर अगदी अलीकडे मिळालंय. व्हिएतनाममध्ये मुख्यतः मोठ्यांवर आणि दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांवर अशा दोन ट्रायल झाल्या, सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सासिन, आणि दोन्हींचे आकडे एकत्र केल्यावर टीबी होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. २०२४ मध्ये तेही अधिकृत झालं. माझ्या जंतूवर तो गट चालतो हे माझ्या रिपोर्टवर होतं म्हणूनच दादाला ते देता आलं. बघा, परत तीच टेस्ट. दादाच्या टाचेमागची शीर दुखायला लागली तेव्हा त्याने लगेच सांगितलं, या औषधाने ते होऊ शकतं, काही दिवस देखरेखीखाली विश्रांती दिली आणि मग त्याने ते पूर्ण केलं. बाकी घरात खिडक्या सतत उघड्या, सुरुवातीचे काही आठवडे मी वेगळ्या खोलीत, तोंडाला मास्क. भांडी वेगळी करायची काही गरज नसते, टीबी भांड्यांनी पसरत नाही, हवेने पसरतो. योग्य औषध लागू पडलं की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने कमी होते, त्यामुळे माणसाला महिनोन्महिने कोपऱ्यात टाकू नका, प्लीज.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? एवढं चांगलं औषध आहे आणि ते बहुतेकांपर्यंत पोचतच नाही. २०२३ मध्ये जगात अंदाजे ४ लाख लोकांना रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी झाला आणि त्यातल्या पाचांपैकी जेमतेम दोघांना निदान होऊन योग्य उपचार मिळाले. उरलेले तिघं कुठेतरी खोकताहेत, साध्या टीबीच्या गोळ्या खाताहेत किंवा काहीच खात नाहीत. बऱ्याच ठिकाणी अजूनही आधी मायक्रोस्कोपखाली थुंकी बघतात, टीबी म्हणतात, नेहमीचा कोर्स सुरू करतात आणि दोन महिन्यांनी फरक पडला नाही की मग रेझिस्टन्सची टेस्ट. ते दोन महिने फुफ्फुसातून जातात. टीबी निघाला की पहिल्याच थुंकीवर ही टेस्ट झाली पाहिजे, मागून घ्या, रिपोर्टचा फोटो स्वतःकडे ठेवा.

माझा कोर्स संपून आता काही महिने झालेत. एक्स-रेवर जुना व्रण आहे तो राहणार, त्याला घाबरून पुन्हा औषध सुरू करायचं नसतं, थुंकी निगेटिव्ह आहे ना हे बघतात. जिने चढताना धाप लागायची, त्यासाठी श्वासाचे व्यायाम शिकवले, त्याने बराच फरक पडला, तेव्हा टीबी बरा झाला म्हणजे फुफ्फुसाचं काम संपलं असं समजू नका, छातीच्या डॉक्टरांना त्याबद्दल वेगळं विचारा. कोर्सनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत थुंकी आणि कल्चर करायचं असतं, खोकला नसला तरी, कारण परत उलटलाच तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच उलटतो. माझं सहा महिन्यांचं कल्चर निगेटिव्ह आलंय, वर्षाचं अजून व्हायचंय, आणि पायाची तपासणी त्याच दिवशी ठेवायला सांगितलीय. कुणाचा कोर्स चालू असेल आणि मुंग्या, क्यूटी, मळमळ यापैकी कशाबद्दल विचारायचं असेल तर विचारा, मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.